धोट्याचा ठेका

सुरतेच्या बमरोलीत त्यांची खोली लूमच्या कारखान्यावरच होती. खालच्या खडखडाटात सुंदरानं म्हटलेली अंगाई तिची तिलाही ऐकू येत नसे. त्या दुपारी लाइट गेली, लूम थांबले, आणि ती हरखली. आज लेकीला गावाकडची अंगाई ऐकू जाणार! पण जन्मापासून खडखडाटातच झोपलेली पोर शांततेनं दचकून उठली. सुंदरा गात राहिली, थोपटत राहिली. रडणं वाढतच गेलं. घाम पुसत नवरा वर आला. “आमले गावले धाडी द्या,” ती रडवेली झाली. “पोरले आठे करमत नही.” त्यानं हातातला लूमचा धोटा उंबऱ्यावर ठोकायला घेतला. खटाक् खट, खटाक् खट. पोरीचे डोळे मिटले. “पोर ते सुरतनी शे वं!” तो हसला. लाइट आली, तो खाली पळाला. सुंदरानं पहिल्यांदाच लूमचा ठेका ऐकला आणि त्याच ठेक्यावर अंगाई पुन्हा धरली.