मुरवलेला डोळा

वैशाखातली दुपार, एक वाजला असेल. टोमॅटोचे क्रेट भरून गोटीरामची पिकअप सिन्नरहून कल्याणच्या बाजाराला निघाली होती. शेजारच्या सीटवर नेहमीप्रमाणे त्याची बायको, सिंधुबाई.

माघापासून ती अशी प्रत्येक फेरीला यायची. "तात्यांचा हनिमून आत्ता सुरू झाला," असं बाजारातले हमाल म्हणायचे. गोटीराम हसून घ्यायचा. काचबिंदूने त्याचा डावा डोळा पुरता गेला होता आणि हे त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं असतं तर गाडी थांबली असती. गाडीबरोबर त्यांच्या नातीचं, पायलचं नर्सिंगही थांबलं असतं.

बाकीचा रस्ता तो एका डोळ्यावर निभावून न्यायचा. अडचण होती ती घाटातल्या नव्या बोगद्याची.

रखरखीत उन्हातून बोगद्यात शिरलं की काही क्षण माणूस आंधळा होतो. जुन्या ड्रायव्हरांची त्यावर एक युक्ती होती. गोटीरामला ती त्याच्या उस्तादाने, भिमाजीने शिकवली होती. "एक डोळा आधीच मिटायचा. अंधारात मुरवून ठेवायचा. आत गेलं का मग उघडायचा." चाळीस वर्षं त्याने तसंच केलं. आता उरलेला एकुलता एक डोळा मिटला तर गाडी हाकणार कशाने? म्हणून डोळा सिंधुबाई मिटायची. बोगद्याची पाटी आली की उजवा डोळा तळव्याने दाबून धरायची, आत शिरताच उघडायची आणि दिसेल ते बोलायची. "डावीकडं ट्रक हाय. लांब हाय. मोकळं हाय, चला." तेवढ्या आवाजावर तो चार-पाच श्वास गाडी न्यायचा. मग त्याचं त्याला दिसू लागायचं.

घाट जवळ आला. डाव्या हाताला, खाली, जुन्या रस्त्याची वळणं दिसू लागली.

"सिंधू, ते जांभूळ हाय का गं अजून?"

"कोणतं?"

"कोणतं काय! लग्नानंतर तुला पह्यल्यांदा ट्रकात बसवलं, अन् गाडी तापली ती हितंच. दिवसभर त्याच्याखाली बसलो. तू रुसून अर्धा डबा एकटीनं खाल्ला व्हता."

"अर्धा नाय, पुरा खाल्ला व्हता. तुमाला काय म्हाईत? तुमी गाडीखाली घोरत व्हता."

गोटीराम मोठ्याने हसला. मग म्हणाला, "तुझ्या अंगाला हाय ते. मला तिकडचं नाय दिसत. बघ की."

तिने बघितलं. वळण तेच होतं. वळणावरचा शेंदूर फासलेला दगड होता. जांभूळ नव्हतं. आपलीच जागा चुकत असेल, जरा पुढे असेल, म्हणून ती काचेला कपाळ टेकून शोधत राहिली. कापलेल्या डोंगराचा मुरूम उन्हात पांढरा फटक दिसत होता. डोळे चुरचुरले, पाणी आलं. झाड नव्हतं. बुंधासुद्धा नव्हता.

"हाय का?"

तिने काचेवरून कपाळ उचललं.

"हाय," ती म्हणाली. "लय डेरेदार झालंय."

"मला वाटलंच," तो हसून म्हणाला. ते हसू त्याच्या तोंडावर असतानाच पाटी मागे पडली आणि बोगद्याने गाडी आत घेतली.

सिंधुबाईच्या डोळ्यांपुढे काळं फडकं धरल्यासारखं झालं. त्यात हिरवे-तांबडे ठिपके नाचत होते. डोळा मिटायचा राहून गेला होता. दोन्ही डोळे उन्हाने भरलेले.

"काय दिसतं?" गोटीरामने विचारलं.

मागून ट्रकचा हॉर्न कोकलत होता. थांबा, असं तिला म्हणायचं होतं. पण चार महिने त्या जागी तोंडातून जे यायचं, तेच आलं.

"मोकळं हाय. चला."

डाव्या अंगाला, भरलेलं पोतं खाली टाकावं तसा आवाज झाला.

तो झाडूवाला होता. पेठ तालुक्यातला, यादव नावाचा, चाळिशीचा. बोगद्याच्या कडेची वाळू लोटत होता. चौथ्या दिवशी नाशिकला दवाखान्यात त्याने प्राण सोडला. त्याचं नारिंगी जाकीट घ्यायला बायको आली, तेव्हा ठेकेदाराने ते धुऊन दुसऱ्याच्या अंगावर चढवलं होतं.

"मोकळं हाय असं मी म्हणले," सिंधुबाईने चौकीत सांगितलं. लिहून घेणाऱ्याने मान वर केली. "गाडी तुम्ही चालवत होता का, आजी?" ती नाही म्हणाली. मग तिचं वाक्य त्याने लिहिलं नाही.

गोटीरामचं लायसन गेलं. खटल्याच्या तारखा पडताहेत. पायल नर्सिंग सोडून सिन्नरच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते, दिवसभर उभी असते. भिमाजी हे सगळं ऐकायला उरला नव्हता, तेवढं बरं.

गोटीरामचा उजवा डोळाही आता मावळत चाललाय. तो आतल्या खोलीत बाजेवर पडून असतो. सिंधुबाई अंगणात असली की आत येण्याआधी उजवा डोळा तळव्याने दाबून धरते, उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की उघडते. बाजेवर तो दिसतो. मग ती पुढे जाते.

"सिंधू," तो छताकडे तोंड करून म्हणतो, "काय बी म्हण, ते जांभूळ तेवढं जाग्यावर राह्यलं."

"हो," ती म्हणते. "राह्यलं."