कुंडीखालची अनोळखी

"अहो, नीट बघा ना! ही नेहमीची नाही."

तिने कुंडी तिरकी धरली होती. खालच्या ओल्या विटेला बिनशंखाची गोगलगाय चिकटलेली. काळपट, चपटी, पाठीवर मधोमध फिकट रेघ. असली या बागेत कधी दिसली नव्हती, आणि मिरचीची कोवळी रोपं मात्र देठापर्यंत फस्त झाली होती.

नवरा गुडघे धरत उकिडवा बसला. खिशातली टेप काढून त्याने मापच घेतलं. "अडीच इंच."

"माप कोण विचारतंय? कुठली ते सांगा."

"नाही बुवा आठवत. तूच सांग."

जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेला माणूस, आणि त्याला गोगलगाय ओळखता येईना!

"श्वासाचं भोक उजव्या कुशीला दिसतंय का?"

"कुठं असतं ते?"

अरे देवा! हे तर शाळेतलं पोरगंही सांगेल. तिने काडीने गोगलगाय अलगद उलटली. "कुशीला नाहीच. शेपटीकडे आहे बघा. म्हणजे पाठ चामड्यासारखी असते ना, त्या जातीतली. तुमचं ऐकून ऐकून मला पाठ झालं, आणि तुम्ही कोरे करकरीत!"

"गोगलगाय नि पोटात पाय," तो हसत म्हणाला. "आपल्याला काय पत्ता लागतोय!"

"थट्टा सुचतेय तुम्हाला."

ती घरात आली आणि ओट्याशी उभी राहून रडली. आज गोगलगाय विसरले, उद्या मला विसरले तर? घरात दोघंच. मग बोलायचं कुणाशी? त्याला न सांगता तिने गल्लीतल्या डॉक्टरला फोन केला. यांचाच जुना विद्यार्थी. आपल्या सरांना नाही म्हणायचा नाही.

संध्याकाळी डॉक्टर आला. नवऱ्याने दार उघडलं, दोघं दारातच काहीतरी हळू बोलले. मग डॉक्टर तिच्याजवळ येऊन बसला. झोप लागते का, जेवण जातं का, सगळं तिलाच विचारत राहिला.

"माझं राहू दे रे, यांना विचार!" तिने सकाळी गोगलगाय घालून ठेवलेली बरणी त्याच्यापुढे सरकवली. "सकाळपासून विचारतेय, एक अक्षर आठवत नाही. वर्गात बाकांमधून फिरून असली जनावरं दाखवायचे ना तुम्हाला? हातात धरायला लावायचे ना? तुम्ही पोरं किंचाळायचात!"

"हो, किंचाळायचो."

"मग? खोटं बोलतेय का मी?"

डॉक्टरने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याने मागे न बघता नुसती मान डोलावली.

डॉक्टरने तिचा हात हातात घेतला.

"बाई, ती जनावरं आम्हाला तुम्ही दाखवायचात. काका आमचे गणवेश शिवायचे."