श्रावणातला फिल्टर

गाडीच्या एसीतून वारा येईना, म्हणून ओमकार बायकोला, निशिगंधाला, घेऊन हातखंब्याच्या गॅरेजात आला. मेकॅनिक जिब्रानने डॅशबोर्डमागचा फिल्टर ओढला आणि हसला. "दादा, वारा येणार कुठून? उंदराने आत खानावळ मांडलीय!"

ओमकार चपापला. ऐन श्रावणात, निशिगंधाच्या धाकाने घरात कांदासुद्धा चिरला जात नव्हता, आणि त्याने मिरकरवाड्याला याच गाडीत बसून तळलेला बांगडा हाणला होता.

जिब्रानने फिल्टर झटकला. रवा लावून तळलेल्या कोलंबीच्या शेपट्या टपाटप खाली पडल्या.

कोलंबी? ओमकारने सुटकेचा निःश्वास सोडला. मग हळूच बायकोकडे पाहिलं. गाडी दोघांशिवाय कुणी वापरत नव्हतं.

"बघताय काय?" निशिगंधा फणकारली. "उंदीर मेले श्रावण पाळतात थोडेच!"