सात नंबरचा जोड

"कोणता नंबर काढू?" छगनशेठनी विचारलं.

खेळाच्या सामानाच्या दुकानात काउंटरपुढं उभ्या असलेल्या दोन्ही मुलींनी मान खाली घातली.

लीना मॅडमनी उत्तराला जरा वेळ घेतला. उद्या सकाळी आठला जिल्हा फुटबॉल स्पर्धेची फायनल होती आणि देवळाली प्रवराहून आलेल्या त्यांच्या संघात गोलकीपर दोन होत्या, दहावीतली मनवा आणि नववीतली अर्शी. आज दुपारी मनवानं पेनल्टी अडवली, सामना जिंकून दिला, आणि त्यातच संघाकडचे ग्लव्हज फाटले. उजव्या पंजाचं रबर सालीसारखं निघून आलं. हेडमास्तरांनी फोनवर नवा जोड घ्यायला सांगितलं, पण एकच. मनवाचा हात आठ नंबरचा, अर्शीचा सात. उद्या कोण खेळणार हे मॅडमनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आठ," त्या म्हणाल्या.

मनवानं श्वास सोडला. अर्शी भिंतीवर टांगलेल्या बॅटींकडं बघत राहिली.

छगनशेठनी बराच वेळ खोकी उलटीपालटी केली. आठ नंबरमध्ये साधा जोड तेवढा निघाला. तो काउंटरवर ठेवून त्यांनी ओल्या फडक्यानं एक बॉल पुसला आणि मनवाला ग्लव्हज घालून तो धरायला सांगितला. बॉल हातातून सटकला. दुसऱ्यांदाही सटकला. सकाळी गवतावर दव असतं, बॉल ओलाच असणार, असं ते मॅडमना म्हणाले. हे चालणार नाहीत, हे मनवाला सांगावं लागलं नाही. तिनंच ते काढून ठेवले.

मग त्यांनी वरच्या फळीवरनं एक खोकं उतरवलं. त्यातल्या ग्लव्हजचा तळवा मऊ होता, बोट लावलं तर चिकटल्यासारखं वाटत होतं. चांगल्यातला एवढा एकच जोड उरला होता. पण नंबर सात.

कुणी काही बोलायच्या आत मनवानं तो उचलला. पाठमोरी होऊन तिनं एकेक हात आत ढकलला आणि पट्टी दातांनी ओढून घट्ट केली.

"बसत्यात," ती म्हणाली.

मॅडमनी हात पुढं करायला लावले. वरून तर काही वावगं दिसत नव्हतं. त्या भूगोल शिकवायच्या, क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी म्हणून संघ त्यांच्याकडं आला होता. घट्ट होत नाहीत ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. नवे असताना असेच असतात, खेळून सैल होतात, असं मनवानं दोन्ही वेळा सांगितलं. छगनशेठनी ओला बॉल टाकला, तिनं धरला. बॉल जागचा हलला नाही.

मॅडम अर्शीकडं वळल्या. "तू बघ गं. नीट बसलेत का तिला?"

अर्शी जागची हलली नाही. बॉल धरताना मनवाची बोटं पुरती उघडली नव्हती, हे तिनं पाहिलं होतं. पण आता ते सांगायचं म्हणजे उद्याची जागा स्वतःसाठी मागून घेण्यासारखंच होतं. संघातल्या सगळ्या पोरी तेच म्हणणार. मनवाचं हे शेवटचं वर्ष. दहावीनंतर खेळ बंद, हे तिच्या घरी कधीच ठरलेलं होतं. आणि बॉलवर झेपावून पडायचं कसं, हे अर्शीला मनवानंच शिकवलं होतं, शाळेमागच्या मोकळ्या रानात, गुडघे फुटेपर्यंत.

"बघ की," मनवा म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, पण ती अर्शीकडं बघत नव्हती.

अर्शी पुढं झाली. तिनं मनवाचा उजवा हात हातात घेतला आणि मधल्या बोटाचं टोक अंगठ्यानं दाबलं. मनवाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तोंडातून मात्र आवाज निघाला नाही.

"पुढं जागाच न्हाई, मॅडम. बोटं आत वाकल्यात," अर्शी म्हणाली. "जोरात बॉल आला तर मोडतील."

"खोटं बोलती ती."

मॅडमनी ग्लव्हज काढायला सांगितले. मनवानं पट्टी सोडली, एक हिसका दिला, दुसरा दिला. हात निघेना. तशीच ती भिंतीकडं तोंड करून ओढत राहिली. अर्शीनं न विचारता तिचं मनगट धरलं आणि करंगळीपासून एकेक बोट सैल करत ग्लव्हज काढले. आतली पेरं लाल झाली होती. तेवढा वेळ मनवानं हात दिला, मग झटक्यात मागं घेतला.

मॅडम दोन्ही जोडांकडं बघत राहिल्या. शेवटी त्यांनी सात नंबरचा बांधायला सांगितला. मनवाला काही म्हणावं म्हणून त्या वळल्या, तोवर ती पायऱ्या उतरली होती.

मुक्कामाच्या जागेपर्यंत तिघी चालतच निघाल्या. माळीवाडा स्टँडच्या बाजूनं एसट्या एकामागोमाग एक येत होत्या. मॅडम पुढं होत्या. पिशवी अर्शीच्या हातात होती आणि ती हातात असल्याचीच तिला लाज वाटत होती. मनवा रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेनं चालत होती.

चौक ओलांडल्यावर ती हळूहळू अलीकडं आली. अर्शीच्या बरोबरीनं चालू लागली.

"त्यांची धा नंबरवाली हाय ना," समोर बघतच ती म्हणाली, "ती पेनल्टी मारायला आली तर पायाकडं बघू नको. कमरंकडं बघ."

अर्शीनं मान हलवली.

"गेल्या साली मी पायाकडं बघितलं हुतं."