दोघांचं एकच गाणं

शेवटची वायर ॲम्प्लिफायरला जोडून केतकीने नवऱ्याला हाक मारली, "ओजस, कानातलं यंत्र काढून ठेव आणि लवकर इकडे ये!"

"काढू?" ओजस बिचकला. ते यंत्र ज्याच्या त्याच्या मनाजोगतं नवं गाणं क्षणात रचून देई, आणि एकदा वाजलेलं गाणं पुन्हा कधीच वाजत नसे. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, तरी दोघांनी मिळून एकही गाणं ऐकलं नव्हतं.

सहा महिने खपून दुरुस्त केलेल्या टर्नटेबलवर केतकीने जुन्या बाजारात मिळालेली रेकॉर्ड ठेवली आणि सुई अलगद टेकवली. थोडी खरखर झाली, मग एका बाईचा भरदार आवाज खोलीभर पसरला. केतकीच्या अंगावर काटा आला.

"तुलाही बाईच ऐकू येतेय ना?"

"हो! आणि मागे पेटी."

"मलाही पेटीच!" ती जवळजवळ ओरडलीच.

गाणं संपताच ओजस म्हणाला, "परत लाव ना. तेच येईल?"

"अगदी तेच."

तिसऱ्यांदा लावल्यावर धृपद यायच्या क्षणभर आधीच केतकीने ते गुणगुणायला घेतलं, आणि त्याच वेळी ओजसनेही. दोघं चकित होऊन एकमेकांकडे बघत राहिली. ओजस चांगलाच बेसूर होता, पण शब्द तेच होते.

रेकॉर्ड संपली, तरी दोघं मोठमोठ्याने दुसरं कडवं म्हणत होती.