शेजाऱ्याला विचारून

बेल वाजली तेव्हा कंडक्टरकाका रेडिओवरच्या बातम्यांना उलट उत्तरं देत बसले होते. बेल? त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. महिन्याच्या सुरुवातीला येणारे एक गृहस्थ सोडले, तर त्यांची बेल कोणी वाजवत नसे. आणि ते गृहस्थही उंबऱ्यावरूनच परत जात.

दारात चाळिशीची एक बाई उभी होती. पायात पांढरे बूट, खांद्याला जड पिशवी, डोळे जागरणाने तांबारलेले.

"शेजारची जागा बघायला आलेय," ती म्हणाली. "मी नर्स आहे. दलाल खाली फोनवर बोलतोय, तेवढ्यात तुम्हाला विचारून घेते. माझा भाऊ म्हणतो, दलाल गोड बोलतो, शेजारी खरं बोलतो."

"भाऊ शहाणा आहे. आत या."

काकांचं उभं आयुष्य बसमध्ये गेलं. दिवसभर माणसं अंगाला घासून जायची, तेव्हा वाटायचं, कधी एकदा निवांत एकटं बसायला मिळतंय. मिळालं. आधी नोकरी संपली, मग बायको गेली, मग शेजारचं कुटुंबही सामान बांधून निघालं. मजल्यावर दारं दोनच. भिंतीपलीकडची भांड्यांची आदळआपट, पोराला घातलेल्या शिव्या, सगळं एका दिवसात थांबलं. एकटेपणाची सवय होते म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एक रविवार काढून बघावा.

काकांनी चहा केला. नर्स खुर्चीत टेकली आणि पहिल्या घोटालाच बोलती झाली.

"मी एकदा फसलेय, काका. नवा रंग बघून भुलले. वर्षाच्या आत भिंती पाझरायला लागल्या. विकायला काढलं तर कोणी दारात उभं राहीना. दुसऱ्यांदा फसायची ऐपत नाही माझी. खरं सांगा, कशी आहे जागा?"

उत्तर काकांच्या ओठांवरच होतं. उत्तम आहे, डोळे झाकून घ्या. एवढं म्हटलं की काम झालं असतं. पुन्हा भिंतीपलीकडे कोणीतरी खोकलं असतं, नळ सोडला असता, 'काका, जरा साखर देता का' म्हणून दार वाजवलं असतं. माणसाला शेजारी हवा, हो. पंख्याशी किती बोलणार?

नर्सने चहा संपवला, उठली आणि न सांगता दोघांचेही कप विसळून पालथे घातले. तिथे काकांना खोटं बोलवेना.

"घेऊ नका," ते म्हणाले. "आतल्या खोलीची भिंत ओली आहे. वरच्यांचं न्हाणीघर गळतं. आधीचे लोक पोराच्या खोकल्यापायी गेले. आता सगळं खरवडून रंग मारलाय, आणि जिथे पोपडे येतात तिथे बरोबर कपाट उभं केलंय."

तिने समोरच्या भिंतीवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे? हात लावून बघा!"

काकांना चेव चढला. त्यांनी तिला खोली-खोली फिरवलं. सकाळचं ऊन कुठवर येतं ते दाखवलं, नळाची धार दाखवली. मागच्या खोलीत दिवसा झोपलं तरी कसला आवाज येत नाही, हेही सांगितलं. ती प्रत्येक भिंतीवर तळहात टेकवून बघत होती. कपाटावर काकूंचा फोटो नुसता भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

"खिळा नाही मारला?"

"कशाला भिंतीला भोकं पाडायची," काका म्हणाले. "इतक्या वर्षांत एक खिळा ठोकलेला नाही मी इथे."

ती गेली. खिडकीतून काकांना दिसलं, तिने दलालाला नकार दिला आणि दलालाने मान वर करून काकांच्या खिडकीकडे जळजळीत पाहिलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, काकांना वाटलं. तरी मन हलकं होतं. रेडिओ मात्र त्या दिवशी फारच मोठा लावावा लागला.

काही दिवसांनी पुन्हा बेल वाजली. तीच नर्स होती, हातात फुलं घेऊन.

"काका, तुमच्यामुळे मोठ्या चुकीतून वाचले. आणि घर मिळालं! याच इमारतीत, याच मजल्यावर!"

काकांना काय करू आणि काय नको असं झालं. म्हणजे हिने दलालाला चांगलाच वाकवला तर!

"अहो, भिंतीचं काय एवढं! मी स्वतः उभा राहून दुरुस्त करून घेतो," ते स्वयंपाकघरातून ओरडून सांगत होते. "ड्यूटीला जाताना किल्ली माझ्याकडे ठेवत जा. मी काय, घरीच असतो."

चहा घेऊन ते बाहेर आले, तर नर्स मागच्या खोलीत स्टुलावर चढून खिडकीला टेप लावत होती.

"पडद्याचं माप घेतेय," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तशीच आहे जागा, एक खोट निघाली नाही. मालकांनीही फार ताणलं नाही. तुमच्याशी बोललेच असतील ना ते?"

मालक महिन्याच्या सुरुवातीला उंबऱ्यावरून भाडं तेवढं नेत; घर विकल्याचं काकांना आत्ताच कळत होतं.

"मला तुमचीच काळजी होती," नर्स खाली उतरली आणि तिने त्यांच्या हातातला कप अलगद घेतला. "म्हणून आत्ता शेजारच्या मालकांना भेटून आले. ती जागा तर कोणी विकत घेत नाही. तुम्हाला ते भाड्याने द्यायला तयार आहेत, इथल्यापेक्षा कमी भाड्यात. म्हणजे बघा काका, आपण शेजारीच!"