समुद्राकडची भिंत

नारळाचा खड्डा बरोबर कडुलिंबाच्या मुळावरच आला ना! रंगराव माळी खड्ड्यात उभा, हातात टिकास, अन् घाव काही घालवेना. इंग्रजाच्या जमान्यातली बाग, तिच्यात हे एकच जुनं झाड उरलेलं. तेही बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या बापानं कावडीनं पाणी घालून जगवलेलं.

“साहेब, खड्डा चार हात सरकवा न.” सकाळपासून सहाव्यांदा म्हणला तो.

नगरपालिकेचा नवा इंजिनिअर हर्षल नकाशातून मानच वर काढेना. “काका, नकाशात इथंच हाय. खड्ड्याचा फोटो वर पाठवाचा हाय मले.”

“अन् हे मीठ?” मेहकराहून मागवलेली गोणी काठावर ठेवली होती.

“खड्ड्यात टाका. नारळाले समुद्रावानी वाटलं पाहिजे.”

“लिंब मरन ना मिठानं!”

“मंग मी काय करू? बागेचं नूतनीकरण याच नकाशावर मंजूर हाय.”

रंगराव वर चढला. त्यानं नकाशा ओढूनच घेतला. एका बाजूले लांबच लांब निळा पट्टा. “हे काय हाय?”

हर्षल इकडे पाहे, तिकडे पाहे. मग हळूच म्हणला, “समुद्र. नकाशा कोकणातल्या बागेचा हाय, काका. वरच्यायनं नुसतं गावाचं नाव बदललं.”

हात्तिच्या! म्हणून नवे बाक सारेच्या सारे पश्चिमेले तोंड करून! अन् पश्चिमेले काय, तर कापसाच्या जिनिंग फॅक्टरीची भिंत. तिले दोन पेंटर निळा रंग मारून राह्यले होते. वर पांढऱ्या लाटा, अन् एक होडीबी.

“टाका लवकर, काका. चार वाजता मोठे साहेब येऊन राह्यले.”

रंगराव गोणीजवळ गेला. गोणी उचलली, खांद्यावर घेतली, अन् खड्ड्याले वळसा घालून तडक भिंतीकडे निघाला. टिकाशीनं गोणी टराटरा फाडली, अन् भिंतीच्या बुडाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारं मीठ ओतत गेला.

पेंटरचे ब्रश हातातच राह्यले. हर्षल पळत आला. “काका! काय करून राह्यले हे?”

रंगरावनं रिकामी गोणी झटकली.

“मंग काय साहेब, समुद्र अळणी ठेवता का?”